चढण

शनिवार, ऑगस्ट. बर्ड क्रीक, अलास्का

रात्रीचे साडेनऊ वाजलेत, तरी बत्तीशिवाय लिहिता येतंय. लेक तंबूत झोपलीसुद्धा. खाण्याचं सगळं, अगदी दात घासायची पेस्टही, गाडीत बंद करून ठेवलीय. अस्वलं येतात. काल रात्री झाडीत काही मोडल्याचा आवाज आला तेव्हा मी तिचा हात घट्ट धरला होता.

अँकरेजहून हे ठिकाण जेमतेम चाळीस किलोमीटर. हायवे आणि रेल्वे दोन्ही जवळ, त्यामुळे शांतता अशी नाही. पण समोर टर्नअगेन आर्म, म्हणजे आपल्या भाषेत खाडीच, आणि तिला मिळणारा बर्ड क्रीक म्हणजे आमच्या गावचा वहाळ, ओढाच, फक्त पाणी बर्फासारखं गार. १७७८ मध्ये कॅप्टन कुक वाट शोधत या खाडीपर्यंत आला आणि पुढे रस्ता नाही म्हणून पुन्हा मागे वळला, म्हणून हे नाव.

सकाळी भरती लागली तशी साल्मन मासे धरायला काठावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. छातीपर्यंतच्या रबरी विजारी, हातात गळ. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात मात्र कुणी उतरत नाही. हिमनद्यांनी दळून आणलेला तो गाळ पाय धरून ठेवतो, आणि भरती थांबत नाही. मी काठावरच बसले. बाहेरून आलेल्या, १६ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या माणसाला परवाना लागतो, तो मी काढला नव्हता. मला बघायचंच होतं.

लेकीच्या गळाला आधी एक पिंक जातीचा साल्मन लागला, पण पाठीत. तिने तो लगेच सोडला. गोड्या पाण्यात तोंडाशिवाय दुसरीकडे अडकलेला मासा ठेवायचा नाही, असा कायदा आहे. कुणी बघत नव्हतं, तरी सोडला. मला फार बरं वाटलं. तासाभराने सिल्व्हर जातीचा लागला, चांगला हातभर, चकचकीत. दगडावर चिरला तर आत नारिंगी गाबोळी, माशाची अंडी.

आणि मला अण्णा आठवले. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की खवळे, मळ्ये, शिंगट्या वहाळातून उलट्या चढत भातखाचरांकडे यायच्या. रात्री गॅसबत्ती, पाग, कोयता घेऊन अख्खी वाडी पाण्यात. घरी परतलेल्या अण्णांच्या टोपलीतला प्रत्येक मासा गाबोळीने फुगलेला, आणि आम्ही पोरं त्या गाबोळीसाठीच भांडायचो. ते मासे अंडी घालायला चढतात हे अण्णांना ठाऊक होतं, आम्हालाही. त्याचा अर्थ काय, हे कुणी बोललं नाही. आता त्या वहाळात चढण जवळजवळ होतच नाही. सिमेंटचे बंधारे आले, शेतात औषधं आली, हे खरं. पण आमच्या टोपल्याही होत्या.

दुपारी पोर्टेजच्या खोऱ्यात विलिवॉ क्रीकला गेलो. तिथे साल्मन धरायला बंदी, फक्त लाकडी मचाणावरून बघायचं. गुडघाभर पाण्यात लालबुंद सॉकाय, तेही साल्मनच. मादी आडवी होऊन शेपटीने खडी उडवत खड्डा करत होती, नर दुसऱ्यांना हुसकावत होते. समुद्र सोडल्यापासून यांनी अन्नाचा कण घेतलेला नसतो. एकीची शेपटी झिजून पांढरी पडली होती. अंडी घालून झाली की ती मरणार, आणि तिच्या देहाने ओढा, किडे, गरुड, काठची झाडं, सगळी पोसणार. मी पाऊण तास त्या एकीकडेच बघत राहिले. लेकीने दोनदा हाक मारली.

येताना बर्ड पॉइंटवर थांबलो. भरलेल्या खाडीत पांढऱ्या पाठी वर आल्या, बुडाल्या. बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे! साल्मनच्या मागोमाग खाडीत शिरतात. इथल्या बेलुगांना २००८ पासून धोक्यातल्या प्राण्यांत धरलंय. सात मोजल्या, मग डोळे भरून आले आणि मोजणं राहिलं.

गाबोळी मीठ-हळद लावून डब्यात ठेवलीय. शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी गळाला लावायला मागितली, अर्धी त्यांना दिली. उरलेली उद्या तळू, असं लेक म्हणाली. मी हो म्हटलं. भावाला फोन करायचाय, बंधाऱ्याच्या खालच्या डोहात जूनमध्ये काही दिसलं का, ते विचारायला. गावात आत्ता सकाळचे अकरा वाजले असतील.