किरकोळ

महिनाअखेर आली की मी हिशेबाची वही काढून बसतो. या वेळी ३४० रुपये कुठे गेले ते काही केल्या आठवेना. दूध, इस्त्री, रिक्षा, मावशीकडे नेलेले पेढे, सगळं दोनदा मांडून झालं. शेवटी नेहमीचा उतारा: ‘किरकोळ – ३४०’. मिटली वही.

अशा वेळी मला सर्व्हांतेस फार जवळचा वाटतो. ‘दोन किहोते’ ही कादंबरी लिहिणारा स्पॅनिश लेखक, म्हणजे आपल्या डॉन क्विक्झोटचा बाप. १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत डावा हात कामातून गेला, मग पाच वर्षं अल्जीयर्सला कैदेत. सुटून आल्यावर पुढे पोटासाठी करवसुली पत्करली. वसूल झालेला पैसा सेव्हिलच्या एका पेढीवर ठेवला आणि पेढीच बुडाली. सरकारला त्याचं काय! १५९७ मध्ये स्वारी तुरुंगात. आपलं पुस्तक तुरुंगात जन्मलं, असं तो प्रस्तावनेत म्हणतो. तो हाच तुरुंग, असं पुष्कळ अभ्यासक धरून चालतात.

पुस्तकातही त्याचा ताळा जुळत नाही. १६०५ च्या पहिल्या आवृत्तीत डॉन क्विक्झोटचा सेवक सांचो पान्सा याचं गाढव मध्येच नाहीसं होतं आणि पुढे मुकाट्याने परत हजर! चोरी झाल्याचं सांगायचंच राहून गेलेलं. त्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत चोरीचा मजकूर घुसवला, तर तो अशा जागी, की चोरीनंतरही सांचो गाढवावर बसलेलाच. शिवाय सिएरा मोरेनाच्या डोंगरात सापडलेल्या बेवारशी पेटीतले शंभर एस्कुदो, म्हणजे सोन्याची नाणी. ते सांचोला मिळाले, पण पुढे त्यांचं काय झालं?

दुसरा कुणी गप्प बसला असता. या पठ्ठ्याने १६१५ च्या दुसऱ्या भागात ऑडिटच लावलं. सान्सोन कार्रास्को नावाचा पदवीधर सांचोला विचारतो, वाचक विचारताहेत, गाढव कुणी नेलं आणि शंभर एस्कुदो कुठे गेले? सांचो म्हणतो, आत्ता मला ‘कुएन्तास’ही नकोत आणि ‘कुएन्तोस’ही. म्हणजे हिशेबही नको आणि गोष्टीही नकोत. स्पॅनिशमध्ये दोन्ही शब्द एकाच मुळाचे. पोटात कावळे ओरडताहेत, बायको वाट बघतेय, जेवून आल्यावर सांगतो.

आणि येतोही. गाढवाची चोरी सविस्तर सांगतो. मग परत मिळण्याआधीच त्यावर बसला होतास तो कसा? तर लिहिणाऱ्याची चूक असेल, नाहीतर छापणाऱ्याची. आणि एस्कुदो? माझ्यावर, बायकोवर, पोरांवर खर्च झाले. या प्रवासात खाल्लेल्या एकेका तडाख्याचे चार-चार मारावेदी, म्हणजे अगदी चिल्लर नाणी, धरले, तर आणखी शंभर एस्कुदोंत निम्मीसुद्धा भरपाई व्हायची नाही!

परवा बायकोने वही चाळली. “हे ३४० किरकोळ म्हणजे काय रे?”

म्हटलं, आधी जेवून घेऊ.