गेममधल्या स्टटरचा (झटक्यांचा) छडा लागला, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड यादीतून बाद

सायबरपंक या गेममधल्या डॉगटाऊन भागाच्या बाजारात मान वळवली की बसणारा तो झटका कुठून येतो, ते अखेर सापडलं. दोष कार्डात नव्हता, ते चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, माझ्या जुन्या ३६०० प्रोसेसरमध्येही नव्हता. आठ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), आठ लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातले डेटाचे रस्ते) आणि जेन ३ चा, म्हणजे जुन्या पिढीचा स्लॉट ही तिन्ही एकत्र आली की असं होतं. त्यामुळे मागच्या नोंदीतली, घ्यायच्या नव्या कार्डांची यादी जवळपास पूर्ण बदलली आहे.

मशीन तेच: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर४ रॅम ३२०० वर, ५५० वॉटचा ब्राँझ पीएसयू (पॉवर सप्लाय), १४४०पी मॉनिटर आणि १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड. या कार्डाबद्दल माझी आजही तक्रार नाही. २०१९ चं मॉडेल, सहा जीबी, १२५ वॉट, आणि नागपूरचे इतके उन्हाळे त्यानं निमूट काढले. पण त्यात आरटी कोअर, म्हणजे रे ट्रेसिंगचा (प्रकाशकिरणांचा) हिशोब करणारे खास भाग, नाहीत. 'डूम: द डार्क एजेस'सारखे गेम आता हार्डवेअर रे ट्रेसिंग धरूनच बनतात, तिथं सेटिंग खाली आणूनही भागत नाही. म्हणून बदल करायचाच आहे, आणि बजेट चाळीस हजारांच्या आत.

मागच्या वेळी एनव्हिडियाच्या ४०६० आणि ५०६० या आठ जीबीच्या कार्डांवर गाडी येऊन थांबली होती. नागपुरातल्या बर्डीच्या दुकानातही तेच ऐकलं: "भाऊ, आठ जीबी खूप झाले. सगळे हेच घेऊन राहिले." पण एवढे पैसे दुसऱ्याच्या मशीनवरचे आकडे बघून टाकायला मन तयार होत नव्हतं. तेवढ्यात एक मित्र गावाला निघाला होता. त्याच्याकडे ४०६० आहे. म्हणाला, "अबे, घेऊन जा ना, आलो की वापस दे." कार्ड उसनं मिळणं यासारखं सुख नाही.

डीडीयू या सॉफ्टवेअरनं जुना ड्रायव्हर साफ केला, नवा टाकला, कार्ड बसवलं. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) पाहून अक्षरशः खुर्चीतून उठलो. सायबरपंक १४४०पी वर, टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) हाय, रे ट्रेसिंग चालू, डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) क्वालिटीवर, वर फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानंच बनवणं). १६६० सुपरवर हे स्वप्नातही नव्हतं. शिवाय कार्ड फक्त ११५ वॉटचं, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही.

मग डॉगटाऊनमध्ये शिरलो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं लोण्यासारखी गेली. त्यानंतर स्टेडियमच्या बाजारात प्रत्येक वळणावर चित्र क्षणभर गोठायला लागलं. कॅपफ्रेमएक्स या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर सपाट चाललेली फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेची) रेघ एकदम नव्वद मिलिसेकंदांच्या वर उडी मारत होती, आणि गंमत म्हणजे सरासरीत त्याचा पत्ताच नाही. सरासरी छान, १% लो (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग) पार तळाला. ज्यांनी अजून कॅपफ्रेमएक्स वापरलं नसेल त्यांनी आजच टाका. फुकट आहे, आणि एफपीएसचा एकच आकडा कोपऱ्यात दाखवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा शंभर पटीनं कामाचं आहे.

पहिला संशय अर्थातच ३६०० वर. सहा कोअरचा प्रोसेसर, त्यातही एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६-१६ एमबीच्या दोन तुकड्यांत, आणि डॉगटाऊनमध्ये गर्दी भरपूर. गर्दीची घनता कमी केली. सरासरी थोडी वाढली, झटके जागच्या जागी. शेडर कॅश साफ केली, काही फरक नाही. रॅम पूर्ण वेगानं चालवणारं एक्सएमपी लागलेलं होतं. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीएसएम बंद करून रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) चालू केला, तरी तेच. गेम वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर आहे, त्यामुळे डिस्कचा प्रश्न नव्हता. एका रात्री तर वाटलं की मित्राचं कार्डच नरम आहे, पण बाकीच्या गेममध्ये ते अगदी ठणठणीत चालत होतं.

वाट सापडली ती टेक्स्चरमधून. सायबरपंकमध्ये टेक्स्चरची सेटिंग खेळता खेळता बदलता येत नाही, मुख्य मेनूवर यावं लागतं, म्हणून ती कायम राहूनच जाते. बाहेर आलो, हायवरून मीडियम केलं, तोच सेव्ह उघडला, त्याच गल्लीतून तीच फेरी मारली. रेघ सपाट! पुन्हा हाय केलं, झटके परत.

मग एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे समोरासमोर लावले: कार्डाची स्वतःची मेमरी आणि 'डायनॅमिक' मेमरी, म्हणजे कार्डानं मुख्य रॅममधून घेतलेली जागा. गेम सुरू होताना पहिला सात जीबीच्या आसपास, दुसरा नगण्य. फिरत राहिलं की पहिला साडेसातच्या पुढे जाऊन अडकतो आणि दुसरा चढायला लागतो. ज्या मिनिटाला दुसरा चढला, त्याच मिनिटाला पहिला झटका. दर वेळी. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमधला बस इंटरफेस लोड, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्यावरचा भार, तोही त्याच क्षणी उसळत होता. फ्रेम जनरेशनला स्वतःची व्हीरॅम लागते, रे ट्रेसिंगलाही लागते. म्हणजे ४०६० ज्या गोष्टींसाठी घ्यायचं, त्याच गोष्टी त्याचे आठ जीबी भरून टाकतात.

आता लेनची गोष्ट. ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. ती भरली की उरलेली टेक्स्चर मुख्य रॅममध्ये जातात आणि पीसीआयईवरून, म्हणजे कार्डाला बोर्डाशी जोडणाऱ्या स्लॉटच्या रस्त्यानं, मागवावी लागतात. दुकान बर्डीत आणि गोडाऊन शहराबाहेर लांब बुटीबोरीला, असा प्रकार. हा रस्ता जेन ४ वर आठ लेन असतील तर सेकंदाला जेमतेम १६ जीबीचा. माझा बी४५० जेन ३, आणि कार्डात जोडलेल्याच आठ लेन, म्हणजे त्याच्याही निम्मा, ८ जीबीपेक्षा थोडा कमी. प्रोसेसर जेन ४ चा असूनही उपयोग नाही. सुरुवातीच्या काही बायोसमध्ये बी४५० वर जेन ४ चालायचं, ते एएमडीनं २०१९ मध्येच काढून टाकलं.

हे सगळं अजून तर्कातच होतं. पुरावा मित्र परत आल्यावर मिळाला. त्याचं मशीन बी५५० बोर्ड आणि ५६०० प्रोसेसर, म्हणजे जेन ४. त्याच्या घरी बसून तीच सेटिंग, तोच सेव्ह. झटके होते, पण उंची साधारण निम्मी आणि बरेच विरळ. मग त्याच्या बायोसमध्ये जाऊन स्लॉट जेन ४ वरून जेन ३ केला. बाकी काहीच हलवलं नाही, प्रोसेसर तोच, रॅम तीच. जीपीयू-झेडमध्ये 'एक्स८ ३.०' दिसलं, आणि डॉगटाऊनमध्ये माझ्या घरचे झटके जसेच्या तसे हजर. त्या क्षणी जो आनंद झाला तो नवं कार्ड घेतल्यावर तरी होईल का, शंका आहे. मित्राच्या आईनं चहा आणून दिला आणि काय झालं म्हणून विचारलं. आम्ही दोघंही एकदम सांगायला लागलो.

पडताळा म्हणून मनीषनगरला मावसभावाकडे गेलो. दादा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याच्याकडे ३०६० आहे, १२ जीबीचं. ते माझ्या मशीनमध्ये लावू दिलं. या कार्डाला सोळाही लेन आहेत. डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन नाही, सरासरी ४०६० पेक्षा स्पष्टच कमी. पण टेक्स्चर हायवर ठेवूनही बाजारातून सरळ चालत गेलो, एकही झटका नाही. खेळायला मला हे कार्ड जास्त आवडलं, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

तर यादी. आठ जीबीची सगळी कार्डं बाद, ५०६० सुद्धा, कारण तेही आठच लेनचं. इंटेलच्या आर्क बी५८० वर बराच जीव होता, १२ जीबी आहेत. पण त्याचा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर फार भार टाकायचा, हे २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलेलं आहे, आणि त्या चाचण्यांत ३६०० च्या वर्गातलेच प्रोसेसर होते. १९० वॉट वेगळेच. उरली दोन. ५०६० टीआय १६ जीबी: आठ लेन, १८० वॉट, पण मेमरी सांडणारच नसेल तर लेनची चिंता बरीच कमी होते, आणि डीएलएसएस अजूनही सर्वांत साफ. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी: पूर्ण सोळा लेन, १६० वॉट, बहुतेक मॉडेलांना विजेचा एकच ८-पिन जोड. बाजारात आली तेव्हा पहिल्याची किंमत ४२९ डॉलर, दुसऱ्याची ३४९. इथल्या भावातही अंतर ठळक आहे आणि माझं बजेट दुसऱ्यापाशीच संपतं. मात्र घेताना १६ जीबी लिहिलंय का ते खोक्यावर वाचून घ्या. दोन्ही कार्डं त्याच नावानं आठ जीबीतही विकली जातात, ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

हे लिहिताना एक विचार आला: आठ जीबीचं स्वस्त कार्ड आणि जुना बी५५० घेतला तर? नाही. जेन ४ वर झटके निम्मे झाले, गेले नाहीत. त्यापेक्षा आत्ता ९०६० एक्सटी, आणि पुढे बोर्ड न बदलता, बायोस चढवून ५६००. जुन्या प्रोसेसरवर डीएक्स१२ च्या गेममध्ये रेडिऑनचा ड्रायव्हर हलका पडतो, म्हणजे तोवर ३६०० ही निभावेल.

पण मग यूपीएसकडे लक्ष गेलं. माझा ६०० व्हीएचा आहे, म्हणजे ३६० वॉट. कार्ड १६०, प्रोसेसर ८८ पर्यंत, मॉनिटर, बोर्ड, पंखे आणि पीएसयूची स्वतःची गळती धरली की आकडा काठावर येतो. एप्रिल-मेमध्ये वादळ आलं की लाइट जाते, आणि नेमका तेव्हा यूपीएसनं दम तोडला तर सगळंच बंद. कार्डाची पॉवर लिमिट दहा टक्के खाली आणणं हा एक उपाय. उन्हाळ्यात ते असंही करावं लागेल, कारण पंचेचाळीस अंशांच्या दुपारी कूलर लावूनही माझी खोली चौतीस-पस्तीसच्या खाली जात नाही. कॅबिनेट मात्र कूलरच्या झोतातून बाजूला सरकवलं आहे. वाळ्याच्या ताट्यांचा बारीक काडीकचरा आणि दमट हवा थेट पंख्यात जात होती.

दुसरा उपाय १००० व्हीएचा यूपीएस, आणि आता माझा कल तिकडेच आहे. म्हणजे क्रम असा बदलला: आधी यूपीएस, मग कार्ड. एका ऑनलाइन विक्रेत्यानं 'स्टॉकमध्ये' दाखवून पैसे घेतले आणि मग आठवडाभर परताव्यासाठी झुलवलं, त्यामुळे कार्ड बर्डीतूनच घेणार. थोडे जास्त लागले तरी चालतील, बिघाड झाला तर समोर माणूस असतो. माझ्या कॅबिनेटमध्ये समोरचे पंखे काढले नाहीत तर २९० मिमीपर्यंतचंच कार्ड बसतं, त्यामुळे दोन पंख्यांचं मॉडेल बघतोय.

कुणी बी४५० वर ९०६० एक्सटी चालवत असेल तर एकच विनंती: जीपीयू-झेडमध्ये लोड देऊन 'एक्स१६ ३.०' दिसतं का, तेवढं बघून कळवा. आणि नागपुरातच असाल तर यूपीएस येईपर्यंत कार्ड तासाभरासाठी माझ्या मशीनमध्ये लावून बघू दिलंत तर मी घरी यायला तयार आहे, मशीन घेऊन.