रडका

चिनूने नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी परत दिली. ओट्यावर, भाजीच्या पिशवीशेजारी ठेवली आणि म्हणाली, “बाबा, रडका आहे रे तुझा पांडुरंग. हसले मी खूप, पण रडकाच. वडिलांच्या पैशांवर पुण्यात राहायचं आणि वर सगळ्या जगाला नावं ठेवायची.”

कादंबरीचा नायक, आणि म्हणे तुझा पांडुरंग! एवढं बोलून बाईसाहेब मॅगी करायला लागल्या.

एक वाजत आलाय आणि मी अजून त्या ‘रडका’पाशीच. एवढं लागायचं काय कारण? पुस्तकाचं काही बिघडत नाही. 1963 पासून त्याने बरंच ऐकून घेतलंय. कुणी पोथीसारखं डोक्यावर घेतलं. नानांनी दहाव्या पानावर मिटलं, म्हणाले, ही काय भाषा झाली? आणि आम्ही होस्टेलवर दोन वर्षं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ लावल्याशिवाय चहा मागवत नव्हतो. माझी अख्खी विशी त्यात आहे. आणि ही म्हणते रडका.

पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं प्रकरण कसं वाटलं, विचारलं नाही. देवी आलेल्या, आणि हा पुण्यात. मग मंदाचं नाव निघालं असतं. जाऊ दे.

शेवटी उघडलंच. बांधणी सुटलीय, पानं पत्त्यांसारखी हातात येतात. समासात माझ्याच पेन्सिलीच्या रेघा, एका ठिकाणी ‘अगदी हेच!!’ वडील पैशांवरून बोलतात तिथे तर रेघच रेघ. आज त्याच पानांवर मी मनात बेरीज करत होतो, कार्टं उडवतंय किती! रडका कसला, खर्चिक आहे नुसता. एकटाच हसलो.

मग अर्पणपत्रिका. ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’. विशीत वाचलं तेव्हा उरलेला एक म्हणजे मी, यात तिळमात्र शंका नव्हती. बाकीच्यांची कीवही करून झाली होती. आज काय केलं? विजेचं बिल भरलं, चिनूची मेस भरली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या गळतीवर वीस मिनिटं तावातावाने बोललो. म्हणजे पुस्तक सरळसरळ मलाच अर्पण केलेलं, आणि मी तीस वर्षं ते दुसऱ्यांचं समजत होतो.

आत्ता पलीकडच्या खोलीतून मेसेज आला. जागीच आहे.

‘बाबा, ट्रेकचे 3500 टाकशील का उद्या वगैरे.’