अर्जात बकरी आली आणि बाटली अडकली

पेशींतलं ट्युब्युलिन (पेशीच्या सांगाड्यातल्या धाग्यांचं प्रथिन) रंगवणं हे दोन दिवसांचं काम. मला अडीच महिने लागले, आणि त्यातले सव्वादोन खरेदीच्या टेबलावर गेले.

मागवायचं होतं 'गोट अँटी-माउस, अलेक्सा फ्लोर ४८८', म्हणजे हिरवा चमकणारा रंग लावलेली अँटीबॉडी (ठरावीक गोष्टीला चिकटणारं प्रथिन), अर्धा मिली.

"मॅडम, यात बकरी आलीय."

"बकरी येणार नाही सर. तिच्या रक्तातून काढलेली अँटीबॉडी येणार."

"आणि हा उंदीर?"

"तोही नाही."

"प्राणी आहे ना पण. एथिक्स कमिटीचं पत्र लावा."

कमिटी म्हणाली, विकतच्या बाटलीला पत्र लागत नाही. टेबल म्हणालं, लागत नाही असं लेखी आणा. कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात! शेवटी मी पानभर मराठीत लिहून दिलं: पहिली अँटीबॉडी उंदराची, ती ट्युब्युलिनला चिकटते पण चमकत नाही. बकरीची दुसरी त्या पहिलीला ओळखते, एकीवर अनेक बसतात, प्रत्येकीवर रंग, म्हणून उजेड वाढतो. साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग सरळ पहिलीलाच रंग का लावत नाही?" प्रश्न चांगला होता, म्हणून आणखीच राग आला. (लावतात, पण उजेड कमी पडतो.) सही मात्र बैठकीनंतरच झाली.

बाटली आली ती मे महिन्यात. सोलापूर चाळिशीपार, डब्यातल्या जेल पॅकचं पाणी झालेलं. पोटात गोळा आला, पण माल शाबूत निघाला. अशा वेळी घाबरून फ्रीझरमध्ये टाकू नका, ४ अंशांवरच ठेवा. वापरण्याआधी बाटली सेंट्रिफ्यूजला फिरवा, नाहीतर तळाच्या गुठळ्या स्लाइडवर ठिपके होऊन चमकतात.

बाकी सगळं सुरळीत. फक्त पहिल्यांदा दुसरी अँटीबॉडी १:२०० एवढीच पातळ केली आणि सगळंच हिरवं झालं. १:१००० ला सुतासारखे धागे केंद्रकाजवळून कडेपर्यंत स्वच्छ दिसले. मी चक्क टाळी वाजवली. रंग उजेडात फिका पडतो, म्हणून तासभर अंधार हवा. आमच्या खोलीच्या खिडकीला पडदा नाही, म्हणून घरची जुनी चादर दोन खिळ्यांवर टांगली. सोलापुरी चादरीतून ऊनसुद्धा येत नाही.

हो, एक राहिलंच. एका कव्हरस्लिपवर (पेशी असलेल्या पातळ काचेवर) पहिली न घालता फक्त दुसरी घाला. तीही चमकली, तर दिसणारं हिरवं खरं नाही. मी हे तिसऱ्या खेपेला केलं, पहिल्याला करायला हवं होतं.

आता दुसरा रंग हवाय: गोट अँटी-रॅबिट, ५९४ (लाल). बकरी पुन्हा, वर ससाही. अर्जात या वेळी 'रंगीत द्रव, एक बाटली' एवढंच लिहिलंय.