कबचं शेपूट सांभाळताना

इथे अमेरिकेत शेपटीला चाक असलेलं विमान चालवायचं तर लायसन्सबरोबर वेगळं टेलव्हील एन्डॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरची लेखी मंजुरी, लागतं. तासांची अट नाही. साधं आणि क्रॉसविंडमधलं (आडव्या वाऱ्यातलं) टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून पुढच्या चाकांवर टेकणं) आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) जमतंय असं वाटलं की इन्स्ट्रक्टर लॉगबुकात सही करतो. (१५ एप्रिल १९९१ पूर्वी अशी विमानं चालवलेल्यांना तेही लागत नाही. नशीब एकेकाचं!)

माझ्या वाट्याला आली पायपर जे-३ कब, ६५ अश्वशक्तीची. शिकणारा मागे, इन्स्ट्रक्टर पुढे. जमिनीवर नाक वर असतं, त्यामुळे समोर दिसते ती त्याची पाठ आणि इंजिनाचं झाकण. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, नागमोडी जायचं, आणि उतरताना धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पकडायच्या.

खरी गंमत टेकल्यावर. नाकाखाली चाक असलेल्या सेस्ना १७२ सारख्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे थोडं वाकडं टेकलं तरी ते आपसूक सरळ होतं. कबमध्ये वजन चाकांच्या मागे. मॉलमधली ट्रॉली उलटी, हँडल पुढे करून रेटून पाहा, जरा वळली की वळतच जाते. तेच इथे. शेपूट पुढे यायला निघतं, वेळीच आवरलं नाही तर विमान गर्रकन फिरतं आणि बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो. हाच ग्राउंड लूप. वेग कमी होताना धोका संपला असं वाटतं, पण नेमका तेव्हाच रडरवरचा (शेपटीवरच्या, दिशा वळवणाऱ्या उभ्या फळीवरचा) वारा कमी होऊन त्याचा जोर ओसरतो.

म्हणून पहिले धडे फक्त पायांचे. रडरचं पेडल दाबून धरायचं नाही. टुचकन दाबायचं, लगेच सोडायचं, लागलं तर दुसरं. नाक सरळ होण्याआधीच पाय सैल करायचा, नाहीतर पुढचं वळण उलट्या बाजूला आणि आधीपेक्षा मोठं. स्टिक (हातातला दांडा) पोटाशी, थेट थांबेपर्यंत. कबचे ब्रेक टाचेने दाबायचे. ते शक्यतो विसरलेलेच बरे.

सुरुवात गवतावर केली, आणि माझं मत विचाराल तर तीच करावी. गवतावर टायर थोडे घसरतात, चूक पोटात घालतात. डांबर लगेच पकडतं. डावीकडून वारा असला की डावं चाक आधी टेकवायचं, आणि वेग उतरेल तशी स्टिक आणखी डावीकडे न्यायची. हात आपोआप मध्यावर येऊ पाहतो. ती सवय मोडायलाच सगळ्यात वेळ गेला.

सही मिळाली, पण एकट्याला कब अजून मिळत नाही. क्लबच्या विमा कंपनीला याच विमानावरचे आणखी तास हवेत.