तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांनी कोकणात रेल्वे का नेली नाही?

मी सावंतवाडीचा आहे असं कळलं की चारचौघांत कुणीतरी हमखास विचारतं, "अहो, मुंबई-ठाणे गाडी 1853 साली धावली, मग तुमच्याकडे यायला नव्वदचं दशक का उजाडलं?" आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतं, "डोंगर ना!"

डोंगराचं कारण मला पुरतं पटत नाही. बोरघाट 1863 मध्ये चढून झाला, थळघाट 1865 मध्ये. कारण घाटावर कापूस होता आणि तो मुंबईच्या बंदरात उतरवायचा होता. आमच्याकडून जायचं काय? माणसं! गिरणीत, गोदीत, कुणाच्या घरी कामाला. माझे आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने गेले ते थेट लालबागच्या गिरणीत. माणूस समुद्रातून स्वस्तात पोचत होता, आणि मनीऑर्डर परत यायला रूळ लागत नाहीत.

तरी डोंगर अगदीच निर्दोष नाहीत. घाट एकदा चढला की सुटका; बोरघाटात तर 37 फुटांना एक फूट असा चढ जादा इंजिनं लावून चढतात. कोकणात उत्तरेकडून दक्षिणेला जायचं म्हणजे सगळं आडवं. एक नदी ओलांडावी तर पुढे डोंगराची सोंड, ती उतरावी तर खाडी.

वेंगुर्ल्याचेच बॅरिस्टर नाथ पै यासाठी लोकसभेत भांडले, पुढे मधू दंडवते. रोह्यापर्यंत गाडी आली 1986 मध्ये. मग 1990 मध्ये योग जुळला: जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. वेगळं महामंडळ निघालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले. रेल्वे आणि चार राज्यांनी भांडवल घातलं, उरलेला बराच पैसा रोखे विकून उभा केला.

चढ 150 ला एकपेक्षा जास्त ठेवायचा नाही असं ठरलं, म्हणून रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे 740 किलोमीटरमध्ये नव्वदच्या वर बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास पूल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पण खरं रडवलं ते पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने. खडक फोडता येतो हो, ओली माती काढावी तेवढी वरून पुन्हा येते. तो सगळ्यांच्या शेवटी झाला.

एवढी सरळ आखलेली रेघ गावागावांसाठी वाकणार कशी? म्हणून आमच्या स्टेशनाचं नाव 'सावंतवाडी रोड', आणि स्टेशन मळगावात. गाडी सुरू झाल्यावर आजी कौतुकाने मुंबईहून रेल्वेने आली. फलाटावर उतरली, चारी बाजूंची झाडी बघितली आणि म्हणाली, "गाडी इली रे, पण सावंतवाडी खंय आसा?"