बिअरमध्ये कालवलेला ओक

ब्रुसेल्समध्ये आम्ही सँ-झील भागात राहतो. इथल्या एका रस्त्याचं नाव र्यू द्यु मेताल, म्हणजे धातूची गल्ली. ते वाचलं की मला नाशिकची तांबट आळीच आठवते. याच गल्लीत, कारागिराच्या एका जुन्या घरात, व्हान डर केलन-लोजलँ ही सजावटी रंगकामाची शाळा भरते. शाळेची परंपरा १८८२पासूनची. साध्या लाकडावर, भिंतीवर हुबेहूब ओकचं लाकूड किंवा संगमरवर रंगवायला इथे शिकवतात. शिवाय अक्षरलेखन आणि सोन्याचा वर्ख लावणंही.

शेजारची मुलगी तिथे शिकते. परवा तिने घरी ओक करून दाखवला. आधी फिकट पिवळसर तेलरंगाचा हात, तो वाळला की त्यावर बिअरमध्ये कालवलेला तपकिरी रंग. होय, प्यायची बिअर! तिच्या किंचित चिकटपणामुळे रंग धरून राहतो, शिवाय तो भराभर वाळतो. मग कंगव्यासारख्या दातेरी पट्टीने रेषा ओढायच्या. जमलं नाही तर ओल्या स्पंजने पुसून पुन्हा सुरुवात. मनासारखं उतरलं की वरून व्हार्निश, मग मात्र काही पुसता येत नाही. संगमरवराची रीत वेगळी. त्याला तेलरंगच हवा, कारण तो बराच वेळ ओला राहतो आणि त्यातल्या शिरा मऊ ब्रशने हलकेच विरघळवता येतात.

बघता बघता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा पेंटर होते. नाशिकला रविवार कारंजावरच्या दुकानांच्या पाट्या लिहायचे, आणि फावल्या वेळात लोकांच्या पत्र्याच्या कपाटांवर सागाच्या रेषा काढायचे. हत्यार म्हणजे आजीचा मोडका कंगवा. मी हट्टाने कंगवा हातात घेतला की आधी वाड्याच्या तुळईपाशी नेऊन उभं करायचे. "गाठ कुठंय ते बघ. रेषा तिला वळसा घालून जाते." त्या मुलीला तिच्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं, फक्त फ्रेंचमध्ये.

आजोबांकडे शिकलेलं कुणी उरलं नाही. वाड्याच्या जागी आता इमारत आहे. एक कपाट तेवढं काकांकडे आहे, आणि दिवाळीआधी ते त्याला नवा करडा रंग देणार होते. काल रात्री फोन करून थांबवलं. तुमच्याही घरी असं सागाच्या रेषांचं पत्र्याचं कपाट असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी त्याच्या दाराचा एक फोटो मला नक्की पाठवा. गाठ दिसेल असा.